सुकाणू, शेपूट आणि चाक : बडोद्यातील एका प्रकल्पाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

माझी भाची अकरावीसाठी यंदा आमच्याकडे दांडिया बाजारातील वाड्यात राहते आहे आणि तिने आज विचारलेल्या एका प्रश्नातून हा प्रकल्प सुरू होत आहे. टाटा आणि एअरबस यांच्या बडोद्यातील कारखान्याचे २८ ऑक्टोबरला उद्घाटन झाले. भारताने घेतलेल्या ५६ सी-२९५ विमानांपैकी १६ स्पेनमधून येणार आणि ४० येथे तयार होणार असल्याने शहरात सध्या विमानांचाच विषय चालू आहे. वर्तमानपत्रातील छायाचित्रात त्या विमानाची उंच शेपटी पाहून तिने विचारले, "मामा, शेपटीवरचं हे सुकाणू विमानाला वळवतं का?" नावेला वळवते तसेच वळवते, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "पण सुकाणू उजवीकडे वळवलं की पाणी त्याला डावीकडे ढकलणार. म्हणजे नावेवरचा जोर डावीकडे. मग नाव उजवीकडे कशी जाते?"

तिचा आक्षेप बरोबर आहे. मी अनेक वर्षे कारागीर मुलांना फिटिंगचे काम शिकवले, परंतु 'पाणी सुकाणूवर आदळते आणि नाव वळते' या वाक्यापलीकडे जाण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि ते वाक्य तिच्या प्रश्नापुढे टिकत नाही. म्हणून नाव, विमान आणि चारचाकी गाडी अशा तीन प्रतिकृती करून प्रत्येक कशी वळते हे डोळ्यांनी पाहावे आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे, असे आम्ही ठरवले आहे. पुढे या प्रतिकृती आमच्या भागातील वाचनालयाच्या बालविभागात ठेवता येतील.

१० नोव्हेंबर, रविवार

नावेसाठी ४५ सेंटिमीटर लांबीचा थर्माकोलचा सांगाडा कापून त्यावर पातळ प्लायवूड चिकटवले. मोटर, पंखा आणि सर्व्हो, म्हणजे सुकाणू ठरावीक कोनात फिरवणारी छोटी मोटर, जुन्या खेळण्यातून घेतले. सुकाणूचे पाते पत्र्याचे असून सायकलचा आरा कापून त्याचा उभा दांडा केला आहे. वाड्याच्या चौकात विटांचे दोन थर रचून त्यावर ताडपत्री पसरली आणि चार मीटर लांब-रुंद उथळ हौद तयार केला. पहिल्या मजल्याच्या सज्जातून हा संपूर्ण चौक खाली दिसतो, त्यामुळे वरून चित्रण करण्यासाठी वेगळी शिडी लावावी लागणार नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नावेच्या पुढच्या टोकावर लाल, मध्यावर पांढरी आणि पिछाडीवर पिवळी टिकली लावून मोबाइलने सज्जातून संथ गतीचे चित्रण केले. नाव सरळ जात असताना सुकाणू वीस अंश उजवीकडे वळवले. डोळ्यांना तर नाव सरळ उजवीकडे वळल्यासारखी वाटली, परंतु चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले तेव्हा निराळेच घडलेले दिसले. सर्वांत आधी हलली ती पिवळी टिकली, आणि ती डावीकडे, म्हणजे वळणाच्या उलट दिशेला गेली. पांढरी टिकलीसुद्धा क्षणभर बोटभर डावीकडे सरकली. लाल टिकली मात्र किंचित उजवीकडे झुकली. याचा अर्थ असा की भाचीने सांगितलेला डावीकडचा जोर खरा होता आणि नाव एकंदरीत आधी त्या जोरानुसार डावीकडेच सरकली. त्यानंतर नाव आपल्या मार्गाला तिरकी झाली आणि तिरकी झाल्यावरच तिचा मार्ग उजवीकडे वाकू लागला.

वळणात नाव ज्या बिंदूभोवती फिरल्यासारखी दिसते तो बिंदू मध्यावर नसून पुढच्या टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर आहे. मोठ्या जहाजांच्या बाबतीतही पुढे जाताना हा बिंदू साधारण तेथेच असतो, आणि म्हणून जहाज वळते तेव्हा त्याची पिछाडी बाहेरच्या बाजूला मोठा झोला घेते. माणूस समुद्रात पडला तर तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचे, हा खलाशांचा नियम याच कारणासाठी आहे, कारण त्यामुळे पिछाडी आणि तिच्याखालचा फिरता पंखा त्या माणसापासून दूर जातात. पोहणाऱ्याकडेच जहाज वळवायचे हे ऐकायला भलतेच वाटते, पण पिवळी टिकली पाहिल्यानंतर मला त्याविषयी शंका राहिली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज सर्व्होची जोडणी उलटी झाली आणि उजवीकडे कळ दाबली की नाव डावीकडे जाऊ लागली. तार सुकाणूच्या दांड्याच्या दुसऱ्या बाजूला अडकवल्यावर दोष गेला. या निमित्ताने भाचीला एक गोष्ट सांगता आली. सुकाणूला आडवा दांडा जोडून तो हाताने धरण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यात दांडा उजवीकडे ढकलला की पाते डावीकडे वळून नाव डावीकडे जाते. पुढे जहाजांवर चक्र आले तरी इंग्रजी आज्ञा दांड्याच्याच हिशेबाने दिल्या जात राहिल्या. १९१२ मध्ये हिमनग दिसल्यावर टायटॅनिकवर जी आज्ञा दिली गेली तिचे शब्द उजव्या बाजूचे होते, परंतु तिचा अर्थ जहाज डावीकडे वळवा असा होता, आणि जहाज डावीकडेच वळले. आज्ञेतील दिशा आणि जहाजाची दिशा एकच असावी हा नियम १९३० च्या दशकात सर्वत्र रुजला.

शब्दाबद्दलही येथे लिहून ठेवतो. 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आपल्याकडे आला. बडोद्यात राहून मराठी बोलणाऱ्यांना तो रोज दोन रूपांत भेटतो, कारण मराठी वर्तमानपत्रात सुकाणू समितीच्या बैठका होतात आणि गुजराती वर्तमानपत्रात क्रिकेट संघाच्या कर्णधाराला सुकानी म्हणतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचा ठरला, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव तिरकी झाल्यावर वळते असे १६ तारखेला दिसले होते. मग तिला वळवणारा जोर सुकाणूचा नसून तिच्या स्वतःच्या कुशीवर आदळणाऱ्या पाण्याचा असला पाहिजे. नाव लांब आणि अरुंद असते. ती तिरकी होऊन पुढे सरकली की तिची बाहेरची कूस पाण्यावर दाब देते आणि पाणी तिला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलते. सुकाणूचे पाते तळहाताच्या चौथ्या हिश्शाएवढे आणि नावेची कूस त्याच्या कितीतरी पट मोठी, त्यामुळे बाहेर नेणाऱ्या लहान जोरावर आत नेणारा मोठा जोर मात करतो. हे खरे असेल तर जिला कूसच नाही अशी नाव तेवढ्याच सुकाणूने फिरेल, पण वळणार नाही.

अशी नाव मामीच्या स्वयंपाकघरात मिळाली. कणीक भिजवण्याची पितळी परात पाण्यावर छान तरंगते, तिचा तळ सपाट आहे आणि ती सगळीकडून गोल असल्याने तिला कोणत्याच बाजूला कूस नाही. मोटर, पंखा आणि सुकाणू एका पट्टीवर बसवून ती पट्टी परातीच्या काठाला शिकंज्याने आवळली. पहिल्या फेरीत परात वळली, आणि माझा तर्क चुकला असे मला वाटले. बराच वेळ विचार केल्यावर भाचीच्या लक्षात आले की परात फिरली की मोटरही तिच्याबरोबर फिरते आणि मग मोटरचा रेटाच तिला नव्या दिशेला नेतो. म्हणजे वळवण्याचे काम या फेरीत मोटरने केले होते. तिने सुचवल्याप्रमाणे दुसऱ्या वेळी परातीला वेग आल्यावर मोटर बंद केली आणि त्यानंतरच सुकाणू वळवले.

या वेळी जे दिसले ते मी विसरणार नाही. परात संथपणे स्वतःभोवती फिरू लागली, तिच्या काठावर लावलेली लाल टिकली हळूहळू उजवीकडे, मग माझ्याकडे आली, आणि परात मात्र ज्या दिशेने निघाली होती त्याच दिशेने, उलट वीतभर डावीकडे सरकत, समोरच्या विटांना जाऊन लागली. तिचे तोंड एकीकडे आणि तिची वाट दुसरीकडे होती. नंतर परातीच्या तळाला मध्यावर पत्र्याची एक फूट लांबीची उभी पट्टी एम-सीलने बसवली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. आता परात तिरकी होताच तिची वाट उजवीकडे वाकली. मोटर बंदच होती आणि सुकाणूही तेच होते. बदल होता तो फक्त तळाच्या पट्टीचा.

तिच्या वहीत तिने लिहिलेले वाक्य मी येथे उतरवून घेतो, कारण मला ते याहून चांगले लिहिता येणार नाही : सुकाणू नावेला वळवत नाही, तिरकी करते, वळते ती नाव आपल्या कुशीने.

१ डिसेंबर, रविवार

सुकाणू जितके जास्त वळवावे तितकी नाव जास्त वळेल का, हे पाहायचे होते. एका लांब पन्हाळीत नळाचे पाणी सोडून त्यात पाते उभे धरले आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे बारीक धागे चिकटवले. दहा अंशांवर दोन्ही बाजूंचे धागे पात्याला चिकटून मागे वाहत होते. वीस अंशांवर मागच्या बाजूचे एक-दोन धागे थरथरू लागले. तिसाच्या पुढे त्या बाजूचे सर्व धागे सैरभैर झाले आणि काही तर उलटे, प्रवाहाविरुद्ध, वळून बसले. याचा अर्थ त्या बाजूचे पाणी पात्याला धरून वाहायचे सोडून भोवरे करू लागले होते. त्यानंतर पाते आणखी तिरके केले तर नावेला तिरकी करणारा जोर वाढत नाही, फक्त तिला मागे ओढणारा जोर वाढतो. जहाजांची सुकाणूयंत्रे साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच वळतात, यामागचे मुख्य कारण हे धागे पाहून नीट समजले. समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत सुकाणू २८ सेकंदांच्या आत गेले पाहिजे, अशी अट आहे. आम्ही आमच्या सर्व्होला ३५ अंशांवर खिळ्यांचे अडसर लावले.

८ डिसेंबर, रविवार

डभोईच्या रस्त्यावर एका परिचितांच्या शेतात शेततळे आहे, तेथे नाव नेली. मध्यभागी बॅटरीचे टोक निघाले आणि नाव वाऱ्यावर भरकटली. सर्व्होची बॅटरी वेगळी असल्याने सुकाणू दोन्हीकडे व्यवस्थित वळत होते, पण नाव त्याला दाद देत नव्हती. पाण्याचा सुकाणूवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाई राहतो आणि वेग शून्य झाला की सुकाणूचे काम संपते. घरी येऊन पाते पंख्याच्या नेमके मागे, बोटभर अंतरावर, सरकवले. आता नाव थांबलेली असली तरी पंखा फिरताच त्याचा झोत पात्यावर पडतो आणि पिछाडी हलते. बहुतेक मोठ्या जहाजांचे सुकाणू पंख्याच्या मागेच का असते, याचे हे एक कारण आहे.

परतताना डभोईची अरुंद रेल्वे आठवली. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम या वाटेवर गायकवाडांच्या संस्थानाने जी छोटी रेल्वे घातली, तिचे डबे सुरुवातीला बैल ओढत असत. भाचीने विचारले की रेल्वेला सुकाणू नसते, मग ती कशी वळते. रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसून किंचित निमुळती असते. वळणावर चाकांची जोडी बाहेर सरकली की बाहेरचे चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतले चाक लहान घेरावर चालते, आणि एकाच आसावर घट्ट बसलेली ती जोडी आपोआप आत वळते. पुढचा विषय मोठा असल्याने याची प्रतिकृती करण्याचा मोह मी आवरला.

१५ डिसेंबर, रविवार

आजपासून विमान. सत्तर सेंटिमीटर पंखांचे, हाताने फेकायचे थर्माकोलचे विमान करून पहाटे नवलखी मैदानावर गेलो, कारण ऊन चढले की वारा सुटतो. पंख आधी अगदी सपाट ठेवले होते. शेपटीच्या उभ्या पंखाला कागदाची पट्टी चिकटवून ती उजवीकडे वाकवली आणि विमान फेकले. नाक उजवीकडे गेले आणि विमान तसेच तिरके, कुशीने घसरत, बरेच पुढे गेले; नंतर उजवा पंख खाली पडला आणि मगच ते वळले. हे वागणे नावेपेक्षा परातीशी अधिक जुळणारे होते. विमानाच्या धडाला थोडी कूस असते खरी, परंतु हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्शाइतकीच दाट असते आणि तेवढ्या कुशीवर विमान वळवणे शक्य नसते.

मग दोन्ही पंख मध्यावर मोडून त्यांची टोके तीन-तीन बोटे वर उचलली आणि पुन्हा फेकले. आता नाक उजवीकडे जाताच विमान लगेच उजवीकडे कलले आणि सुरेख गोल वळण घेऊन आमच्या डावीकडून मागे गेले... नव्हे, उजवीकडून, चित्रण पाहून ही नोंद दुरुस्त केली आहे. विमानाला वळवते ते त्याचे कलणे. पंखाची उचल नेहमी पंखाला काटकोनात असते. विमान कलले की त्या उचलीचा एक भाग आडवा होतो आणि तोच विमानाला वळणाच्या केंद्राकडे ओढतो. नावेची कूस जे काम करते ते विमानात पंख करतात.

हिशेब करून पाहिला. सेकंदाला सहा मीटर वेगाचे आमचे विमान ३० अंश कलले तर वळणाची त्रिज्या सुमारे साडेसहा मीटर यावी, आणि मैदानावर पावलांनी मोजलेले वळण त्याच्या जवळपास होते. ताशी २५० किलोमीटर वेगाचे प्रवासी विमान २५ अंश कलले तर हीच त्रिज्या एक किलोमीटरहून थोडी अधिक येते. हरणीच्या विमानतळावर उतरण्यापूर्वी विमाने शहरावरून इतका मोठा फेर का घेतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. ६० अंश कललेल्या वळणात उंची कायम ठेवायची असेल तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट उचल द्यावी लागते.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज राइट बंधूंच्या १९०३ च्या उड्डाणाला १२१ वर्षे झाली. त्यांच्या कामातील मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग त्या दिवसाचा नसून आदल्या वर्षीचा, १९०२ च्या ग्लायडरचा, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाचा, आहे. त्यांनी पंखांची टोके पिळून विमान कलवण्याची युक्ती काढली होती, परंतु ज्या पंखाची उचल वाढवावी त्याच पंखाचा अडथळाही वाढत असे आणि नाक वळणाच्या उलट बाजूला जात असे. उपाय म्हणून त्यांनी मागे उभे पंख बसवले, तेही घट्ट. त्याने कधी काम भागे आणि कधी विमान खालच्या बाजूला घसरून वाळूत रुते. अखेर ते शेपटीचे पाते फिरते करून पंखांच्या पिळाशी दोरीने जोडले गेले, आणि तेव्हा वळण ताब्यात आले. शेपटीचे सुकाणू त्यांनी वळवण्यासाठी बसवले नव्हते, कललेल्या विमानाचे नाक वाटेवर राखण्यासाठी बसवले होते. हे पाऊल त्यांनी मैदानावर पडत-उठत, एकेका उड्डाणाची नोंद ठेवत गाठले. १९०५ च्या विमानात त्यांनी सुकाणू पंखांपासून पुन्हा सुटे केले आणि वैमानिकाच्या हाती दिले.

२२ डिसेंबर, रविवार

पंखांच्या मागच्या कडेला कागदी एलेरॉन, म्हणजे विमान कलवण्यासाठी वर-खाली वाकणाऱ्या पट्ट्या, लावले. उजवा वर आणि डावा खाली वाकवून, शेपटीची पट्टी सरळ ठेवून फेकले. विमान उजवीकडे कलले आणि त्याच वेळी नाक डावीकडे गेले, अगदी राइट बंधूंना दिसले तसे. वर जाणारा एलेरॉन जास्त आणि खाली जाणारा कमी वाकवल्यावर हा दोष बराच कमी झाला. खऱ्या अनेक विमानांतही हीच योजना असते. उरलेला दोष शेपटीची पट्टी किंचित उजवीकडे वाकवून गेला.

मग सी-२९५ च्या उंच शेपटीवरचे सुकाणू कशासाठी, हे भाचीच्या पहिल्या प्रश्नातले उरते. त्या विमानाच्या दोन्ही पंखांवर एकेक इंजिन आहे. एक बंद पडले तर दुसरे विमानाला जोराने एका बाजूला फिरवू पाहते, आणि त्याला सरळ ठेवण्याचे काम शेपटीच्या सुकाणूलाच करावे लागते. दोन इंजिनांच्या विमानात हे सुकाणू मुख्यतः न वळण्यासाठी असते, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

२९ डिसेंबर, रविवार

गाडीची प्रतिकृती. दोन आसांमधील अंतर ३० सेंटिमीटर आणि दोन चाकांमधील अंतर २० सेंटिमीटर. आधी पुढची दोन्ही चाके समांतर राहतील अशी जोडली आणि फरशीवर खडूची पूड पसरून गाडी वळवली. पुढच्या चाकांचे माग फरपटलेले आणि रुंद उमटले. आतले चाक लहान वर्तुळावर चालते, म्हणून ते अधिक वळले पाहिजे. आमच्या मापांत आतले ३० अंश वळले तर बाहेरचे सुमारे साडेबावीस अंशच वळायला हवे. दोन्ही चाकांच्या मागे जाणाऱ्या लहान भुजा मागच्या आसाच्या मध्याकडे रोखून बसवल्या आणि त्यांची टोके एका दांडीने जोडली की हा फरक जवळपास आपोआप साधतो. तसे केल्यावर माग बारीक आणि स्वच्छ उमटले. ही रचना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याने १८१७ च्या सुमारास शोधली. त्याच्या वतीने लंडनमध्ये पेटंट घेणाऱ्या आकरमानचे नाव मात्र तिला कायमचे चिकटले. मूळ कारागिराचे नाव मागे पडावे याचे मला वाईट वाटते, म्हणून प्रतिकृतीवरील पट्टीवर मी लांकेनश्पेर्गरचेच नाव लिहिले आहे. कार्ल बेन्झची १८८५ ची पहिली मोटार तीनचाकी होती, कारण चार चाकांसाठी त्याला समाधानकारक सुकाणूरचना मिळाली नव्हती. आपल्या रिक्षाचेही पुढचे चाक एकच असल्याने तिच्यात हा प्रश्न उद्भवत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

चाकाची कूस कोणती, हे आज पाहिले. स्पंजचे जाड चाक कापून त्याच्या धावेवर आडव्या काळ्या रेघा मारल्या, खिडकीची एक काच दोन खुर्च्यांवर ठेवली आणि भाचीने वरून चाक चालवले तेव्हा मी खाली आडवा पडून काचेतून पाहिले. चाक सरळ चालले तेव्हा रेघा काचेला टेकत आणि सरळ निघून जात. ते थोडे तिरके धरून सरळ दिशेनेच ढकलले तेव्हा प्रत्येक रेघ टेकताना मूळ जागी टेके, मग चाक पुढे सरकेल तशी एका बाजूला ओढली जाई, शेवटी सर्वांत जास्त ताणली जाई आणि सुटताना टचकन परत येई. हा ताणच गाडीला बाजूला ढकलतो. टायर ज्या दिशेला तोंड करतो आणि ज्या दिशेला प्रत्यक्ष जातो, त्यांत खऱ्या रस्त्यावरही नेहमी थोडा कोन असतो. पुढची चाके गाडीला तिरकी करतात, मग मागच्या चाकांनाही तो कोन मिळतो आणि चारही टायर मिळून तिला वळवतात. ताण टेकण्याच्या मागच्या भागात जास्त असल्याने चाक आपोआप सरळ होऊ पाहते. वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून परत फिरते त्यात या ताणाचा मोठा वाटा आहे.

काचेवर साबणाचे पाणी ओतल्यावर रेघा ओढल्या जाईनात आणि चाक तिरके असूनही सरळ घसरत गेले. भाची लगेच म्हणाली, "मामा, ही परात झाली." पावसाच्या पहिल्या सरीत गाडी घसरते तेव्हा स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग होत नाही, उलट चाके थोडी सरळ करून पकड परत येऊ द्यावी लागते, हे मी स्वतः वाहन चालवताना शिकलो होतो, त्याचे कारण मात्र आज काचेखाली दिसले.

१२ जानेवारी, रविवार

उत्तरायण दोन दिवसांवर आले असल्याने गच्च्या माणसांनी भरल्या आहेत आणि रस्त्यावरील दुचाकींना मांजापासून गळा वाचवण्यासाठी तारेच्या कमानी लागल्या आहेत. वाड्याच्या मागच्या बोळात भाचीने सायकल चालवून एकच गोष्ट तपासली. ओल्या चाकांचा माग पाहिला असता, डावीकडे वळण्यापूर्वी पुढचे चाक क्षणभर उजवीकडे गेलेले स्पष्ट दिसले. सायकल आधी उजवीकडे सरकते म्हणून डावीकडे कलते, आणि कलल्यावरच वळते. सायकलींचे दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने हे नेमके ओळखले होते, आणि बहुतेक सायकलस्वारांना आपण असे करतो हे ठाऊकच नसते याचे त्याला आश्चर्य वाटत असे.

१९ जानेवारी, रविवार

तिन्ही प्रतिकृती वाचनालयात पोहोचवल्या. काचेच्या कपाटात ठेवण्याऐवजी त्या उघड्या टेबलावर ठेवाव्यात अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. नावेच्या पट्टीवर आधी 'सुकाणूने वळणारी नाव' असे लिहिले होते. ती पट्टी बदलून तेथे भाचीचे वाक्य लावले. परात मात्र मामीला परत हवी असल्याने तळाची पट्टी काढून, एम-सील खरवडून आणि चिंचेने घासून दिली, आणि तिच्या जागी बाजारातून त्याच मापाची अॅल्युमिनियमची परात आणली. ही हलकी असल्याने पाण्यावर अधिक वर राहते आणि मोटर बंद केल्यावर लवकर थांबते. तिच्यात दीड किलो वाळू पसरून पुन्हा फिरवून पाहिली तेव्हा ती पितळी परातीसारखीच, तोंड फिरवत आणि वाट न सोडता, समोरच्या विटांपर्यंत गेली.